चोपड्याहून रोज जळगावला विद्यापीठात ये-जा आहे, एमएस्सीसाठी कसा लॅपटॉप घेऊ?

रोज एसटीत पाठीवर वागवायचाय, म्हणून आधी वजन बघ. १४ इंची, दीड किलोच्या आतला. रॅम १६ जीबीच घे. पातळ मॉडेलांत ती बऱ्याचदा आतल्या बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. दुकानदाराला हे आधी स्पष्ट विचार. फाइली साठवायला ५१२ जीबी एसएसडी पुरते. थ्रीडीचं काम नसेल तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नकोस, त्याने बॅटरीही लवकर संपते. बॅटरीची क्षमता ५० वॅट-अवरच्या वर, चार्जिंग टाइप-सी. आणि आपल्या खान्देशातला मे महिना लक्षात ठेव! लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर झिजते; गादीवर ठेवून वापरू नकोस, उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको.