वणव्यापासून कौलारू घर कसं जपावं?

प्रश्न : सड्याला (कातळाच्या उघड्या माळाला) लागून आमचं कौलारू घर आहे. उन्हाळ्यात वणवा कुंपणापर्यंत येतो. काय करावं?

उत्तर : घर बहुधा ज्वाळांनी नाही, वाऱ्याने उडालेल्या ठिणग्यांनी पेटतं. म्हणून आधी पन्हळीतला आणि कौलांखालचा पाचोळा काढा. वाशावर तो साचला की एक ठिणगी पुरते. वळचणीच्या फटी सिमेंटने बुजवा, झरोक्यांना ३ मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी लावा. नायलॉनची जाळी वितळते. भिंतीलगत दीड मीटर नुसती माती किंवा चिरे ठेवा. पडवीत फाटी (जळाऊ लाकडं) रचणं सर्वांत घातक. फाटी, पेंढा घरापासून १० मीटर दूर हवा. कुंपणाबाहेरचं गवत कापा, पण कापलेलं तिथेच टाकू नका, उचला. वाळलेली रास उभ्या गवताहून जास्त वेळ धुमसते.