वादळातलं नुकसान नोंदवताना

वीज वितरणाच्या कामातल्या पहिल्या पावसाळ्यात एवढंच सांभाळा: बिघाड (पुरवठा जाणं) आणि नुकसान (मोडलेलं, जळालेलं सामान) या वेगळ्या नोंदी आहेत. फिडर (सबस्टेशनातून निघणारी वीजवाहिनी) एकदाच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, पण त्यामागे मोडलेला खांब, फुटलेले इन्सुलेटर, जळालेलं रोहित्र असं बरंच असतं. प्रत्येकाची नोंद वेगळी, बिघाड क्रमांक एकच.

‘वादळ’ हे कारण झालं, नुकसान नव्हे. नेमकं लिहा: ‘११ केव्ही, खांब ४३ (९ मीटर, सिमेंट) बुंध्यात मोडला, ४२ ते ४४ तिन्ही तारा खाली’. म्हणजे दोन स्पॅनची (लगतच्या खांबांमधल्या दोन टप्प्यांची) तार, हे स्टोअरला लगेच कळतं. ‘देवळाजवळ पोल पडला’ एवढंच वाचलं की गाडीत हमखास एलटीचा (कमी दाबाच्या लाइनचा) ८ मीटरचा खांब चढतो.

नवखे इथे चुकतात:
- पुरवठा गेल्याची वेळ सबस्टेशनच्या ब्रेकर लॉगमधून (फिडर कधी बंद-चालू झाला त्या नोंदीतून) घ्या, नोंद टाइप करतानाची नको.
- एका खांबाच्या चार तक्रारी येतात. आधी खांब क्रमांक शोधा, मगच नवी नोंद.
- दुसऱ्या फिडरवरून पुरवठा दिला तरी नुकसानीची नोंद उघडीच ठेवा. खांब अजून शेतात आडवाच आहे.

नोंद भरताना ‘इतर’ हा पर्याय तर विसराच. स्विचिंग (पुरवठा दुसऱ्या वाहिनीवर फिरवणं), निर्देशांक (पुरवठा किती वेळा, किती वेळ गेला त्याचे आकडे) वगैरे नंतर बघू.