सॅन डिएगोला आई-बाबांना घेऊन चाललोय. बेसबॉलमधलं काही कळत नाही, तरी तिथलं पेटको पार्क हे बेसबॉल स्टेडियम बघावं का?

बघा, पण सामना असेल त्याच दिवशी. एरवी गाइडसोबत टूर करता येते, पण गर्दीशिवाय त्या जागेत मजा नाही.

शहराच्या अगदी मध्यावर असलेलं हे स्टेडियम २००४ साली सुरू झालं. बांधताना १९०९ सालची वेस्टर्न मेटल सप्लाय कंपनीची लाल विटांची इमारत मध्ये येत होती. ती पाडली नाही, मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात तशीच सामावून घेतली. तिचा पिवळा रंगवलेला कोपरा हाच फाउल पोल, म्हणजे मैदानाची हद्द दाखवणारा खांब! फलंदाजाच्या बाजूने पाहिलं तर या खांबाच्या उजवीकडून उंच चेंडू बाहेर गेला की होम रन (आपल्या षटकारासारखा), डावीकडून गेला की फाउल, म्हणजे हद्दीबाहेर. नुसतं एवढं बघायलाही मी पाहुण्यांना नेते.

मैदानामागे गॅलघर स्क्वेअर नावाची हिरवळ आहे. तिथे टोनी ग्विनचा पुतळा आहे. वीसच्या वीस हंगाम हा खेळाडू पाड्रेसकडूनच, म्हणजे इथल्या संघाकडूनच खेळला. (संघ १९६९पासून खेळतोय, वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम लढत, अजून एकदाही जिंकलेली नाही. तरी लोकांचा उत्साह बघा!) तिथे चादर टाकून बसता येतं, पण आईंचे गुडघे दुखत असतील तर त्या फंदात पडू नका. वरच्या मजल्यावर, होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागची तिकिटं काढा. समोर डाउनटाउनच्या उंच इमारती दिसतात. संध्याकाळी वारा सुटतो, स्वेटर हवाच.

बाबांना क्रिकेट कळतं ना? मग नऊ डाव, तीन बाद झाले की बाजू बदलते, एवढं सांगितलं तरी पुरे. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो, हे ऐकून ते खूश होतील. २०२३पासून चेंडू टाकायला वेळेची मर्यादा आहे, त्यामुळे सामना साधारण अडीच तासांत आटोपतो.

खाण्याची काळजी नको. घरचं खाणं आत नेऊ देतात, म्हणून पराठे-चटणी खुशाल न्या, फक्त प्रत्येकाचं वेगळं बांधा. पाण्याची बाटली सीलबंद हवी. पिशवी पारदर्शक लागते, तिचं माप संघाच्या साइटवर आधी बघून घ्या.

आणि गाडी नेऊ नका, पार्किंगला भरमसाट पैसे जातात. ट्रॉलीने (शहरातल्या छोट्या रेल्वेने) गॅसलॅम्प क्वार्टर स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं.