सगळंच निरर्थक, मग जगायचं कशासाठी?

ताई, मी ३१ वर्षांचा आहे. नोकरी बरी आहे, घरी सगळे धडधाकट, प्रेमभंग वगैरेही नाही. पण वर्षभर सकाळी उठलं की एकच विचार येतो : ५०० कोटी वर्षांनी सूर्यच विझणार, आपलं नामोनिशाण उरणार नाही, मग हा खटाटोप कशासाठी? देवावर माझा विश्वास नाही. मित्र म्हणतात, छंद लाव. परवा भाचीला अपूर्णांक शिकवताना दोन तास कसे गेले कळलं नाही, पण घरी आलो आणि पुन्हा तेच. माझं काही चुकतंय का?

प्रिय मित्रा,

छंद लाव असं मी सांगणार नाही. प्रश्न पडलेल्या माणसाच्या हातात विरंगुळा ठेवणं म्हणजे त्याचं ऐकूनच न घेणं. टॉलस्टॉयला हा प्रश्न पन्नाशीच्या सुमारास पडला. तोवर त्याच्या थोर कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. कीर्ती, पैसा, भरलं घर, काही कमी नव्हतं. तरी आपल्या हातून जिवाचं बरंवाईट होईल या भीतीने तो बंदूक घेऊन शिकारीला जाईनासा झाला. हे त्यानेच लिहून ठेवलंय. तेव्हा सगळं असूनही असं वाटतं, याची लाज बाळगू नकोस.

मात्र तुझ्या युक्तिवादात एक फट आहे. ती अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७१ मध्ये दाखवली. आजच्या गोष्टींना दहा लाख वर्षांनी काही महत्त्व उरणार नसेल, तर त्याच न्यायाने दहा लाख वर्षांनंतरच्या गोष्टींनाही आज महत्त्व नाही. आणि खरं सांग, सूर्य कायमचा तळपणार असता तर तुझी सोमवारची सकाळ सोपी गेली असती? मला नाही वाटत.

तू ओझरतं लिहिलेलं एक वाक्य मला सोडवत नाहीये. दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश, इथे भाची अडली असेल. तू कागदावर पट्ट्या काढल्या असशील, तिने एकदा चुकीची पट्टी रंगवली असेल, आणि मग अचानक तिचं तिला जमलं असेल. तेवढा वेळ ‘कशासाठी’ हा प्रश्न तुझ्याकडे फिरकला नाही, कारण समोर कुणीतरी तुझ्यावाचून अडलं होतं. नाझी छळछावण्यांतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल म्हणत, अर्थ काय हे आपण आयुष्याला विचारायचं नसतं; आयुष्यच आपल्याला विचारत असतं आणि उत्तर वागण्यातून द्यायचं असतं. मला हे मनापासून पटतं. अर्थ आधी सापडेल, मग कामाला लागू, असं म्हणत बसलास तर बसूनच राहशील.

आता कळकळीने एक विचारते. आधी काय आलं, हा विचार की मनाचा बधिरपणा? झोप, भूक, माणसांची ओढ आधी गेली असेल आणि ‘सगळं निरर्थक’ हे नंतर सुचलं असेल, तर हे नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना भेट. जगूच नये असं वाटत असेल तर आठवडाही थांबू नकोस. आजच घरच्यांना सांग आणि डॉक्टरांकडे जा.

तसं काही नसेल, तर भाचीला आठवड्यातला एक वार ठरवून दे. मन लागो न लागो, जायचं. तिला आधीच कबूल करून टाक, म्हणजे टाळता येणार नाही. दोन-तीन महिन्यांनी मला लिही. प्रश्न तेव्हाही तसाच असला तरी चालेल, लिही.

तुझी ताई