तीन जुन्या अमेरिकन गाड्या, चौथीचा मोह आणि निवृत्तीला उरलेली पाच वर्षं

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये डेट्रॉईटच्या उपनगरात राहणारे मराठी गृहस्थ, वय ५७, पती-पत्नीचं मिळून समायोजित उत्पन्न वर्षाला २,६०,००० डॉलर. ६२व्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे. ४०१-के खात्यात (नोकरीतून पगार कापून जमणाऱ्या निवृत्ती-बचतीत) ६,१०,००० डॉलर. शिवाय तीन गाड्या: १९६३ची स्प्लिट-विंडो कॉर्व्हेट, १९६९ची कॅमेरो झेड/२८ (कॅमेरोची खास वेगवान आवृत्ती) आणि १९६५ची मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडणारी. त्यांच्या अंदाजाने या तिघींची किंमत २,७५,००० डॉलर, आणि ती त्यांनी निवृत्तीच्या पुंजीत धरली आहे. आता जुन्या गाड्यांच्या क्लबमधले एक परिचित १९५७ची बेल एअर कन्व्हर्टिबल ८५,००० डॉलरला देतायत, घरावर कर्ज काढून ती घ्यावी का? पत्नीचं मत उलट: आहेत त्याही विका.

चौथ्या गाडीपासून सुरुवात करू, कारण तिचं उत्तर सरळ आहे. घेऊ नका. घरावरच्या कर्जाचा तुम्हाला मिळालेला दर ८ टक्के, म्हणजे वर्षाला ६,८०० डॉलर व्याज, आणि हा दर बदलता आहे. घर घेण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी पैसा वापरला नसेल तर या व्याजाची करात वजावटही मिळत नाही. त्यात गरम ठेवलेल्या गोदामाचं भाडं १,५०० आणि विमा ४५०. झाले ८,७५०. म्हणजे गाडी दर वर्षी १० टक्क्यांहून जास्त वाढली तर तुम्ही फक्त आहात तिथे राहाल. मिशिगनचा ६ टक्के कर खाजगी व्यवहारालाही लागतो, ते ५,१०० डॉलर पहिल्याच दिवशी जातील. आणि पन्नासच्या दशकातल्या शेव्हरोलेंवर जीव टाकणारी पिढी आता वयस्कर झाली आहे. त्यांच्याकडच्या गाड्या बाजारात येत राहणार. कर्ज काढून घेण्यासारखा हा माल नव्हे. (तरीही कधी रोखीने घ्यायची झालीच, तर बॉडीवरच्या पट्टीवर १०६७-डी हा क्रमांक आहे का ते आधी बघा. १०३७-डी असेल तर ती मुळात हार्डटॉप आहे आणि तिचं छप्पर कुणीतरी कापलंय.)

आता मुख्य मुद्दा, २,७५,०००चा. पुंजीत धरायची ती गाडीची छापील किंमत नव्हे. दलाली, वाहतूक आणि कर वजा जाता हातात येणारी रक्कम. मूल्यदर्शिकांमध्ये गाडीच्या अवस्थेच्या चार श्रेणी असतात. पहिली प्रदर्शनात मिरवणाऱ्या गाड्यांची, तिसरी चांगल्या चालत्या गाड्यांची. मालक मनात दुसरी श्रेणी धरतो आणि गिऱ्हाईक गाडीखाली टॉर्च मारून तिसरी ठरवतं. तुमच्या तिन्ही आकड्यांत हाच फरक दिसतो.

कॉर्व्हेट बघू. मागच्या काचेत मधोमध पट्टी फक्त १९६३च्या कूपेला होती आणि त्या वर्षी अशा १०,५९४ गाड्या निघाल्या, म्हणून तिला मागणी आहे. पण तुम्हीच लिहिलंय की इंजिनच्या पॅडवरचे (आकडे ठोकलेल्या सपाट जागेवरचे) शेवटचे सहा आकडे व्हीआयएनशी, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाशी, जुळत नाहीत. म्हणजे इंजिनाचा ब्लॉक बदललेला आहे. मूळ इंजिनाच्या गाडीच्या जाहिराती बघून धरलेले १,६०,००० इथे लागू नाहीत. मी १,३०,००० धरतो. लिलावगृहाची ८ टक्के दलाली १०,४००, तयारी आणि वाहतूक २,६००. हातात १,१७,०००.

तुम्ही ती २०११ साली ६२,०००ला घेतली आणि २३,०००चं काम केलंत. खरेदीखर्च ८५,०००, नफा ३२,०००. पंधरा वर्षांत वर्षाला सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. त्यातून तिच्या वाट्याचं भाडं, विमा आणि देखभाल वर्षाला सरासरी २,५०० काढा, म्हणजे ३७,५००. नफ्यापेक्षा साडेपाच हजार जास्त.

इथे आयकराची एक बोचरी बाजू आहे. इंजिनाची पुनर्बांधणी, नवा रंग, नवी चेसिस अशा सुधारणा खरेदीखर्चात मिळवता येतात, त्यांची बिलं हवीत. पण तेल, टायर, विमा, भाडं मिळवता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात तोटा असूनही कर पूर्ण ३२,०००वर. संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर शेअर्ससारखा १५ टक्के दर नसतो. तुमच्या नेहमीच्या टप्प्याचा दर लागतो, फक्त तो २८ टक्क्यांवर जात नाही. तुम्ही २४ टक्क्यांच्या टप्प्यात आहात: ७,६८०. समायोजित उत्पन्न २,५०,०००च्या वर असल्यामुळे गुंतवणूक-उत्पन्नावरचा ३.८ टक्के अधिभार: १,२१६. मिशिगनचे ४.२५ टक्के: १,३६०. एकूण १०,२५६, आणि हातात १,०६,७०० च्या आसपास.

पूर्वी एक गाडी विकून दुसरी घेतली की कर पुढे ढकलायची सोय होती. २०१८पासून ती फक्त स्थावर मालमत्तेला उरली आहे. क्लबमध्ये अजून कुणी तसं सांगत असेल तर सोडून द्या.

मग निवृत्त झाल्यावर, उत्पन्न कमी असताना विकली तर? १२ टक्क्यांच्या टप्प्यात बसलात तर केंद्राचा कर ३,८४०, राज्याचा १,३६०, अधिभार नाही. जवळजवळ ५,००० वाचतात. दिसायला छान. पण पाच वर्षं थांबायचा खर्च १२,५००. शिवाय ६२ ते ६५ या काळात, मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा सुरू होईपर्यंत, आरोग्य विमा तुम्हाला स्वतः विकत घ्यायचा आहे. त्यावरची सरकारी सवलत त्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरते, आणि एका वर्षात ३२,०००चा नफा दाखवला तर ती कमी होईल किंवा हातची जाईल. म्हणून माझं मत: कॉर्व्हेट विकायची असेल तर नोकरीत असतानाच.

विकायची का, हा प्रश्न मात्र आकड्यांनी पूर्ण सुटत नाही. तोटा आणि कर मिळून पंधरा वर्षांत तुम्हाला ही गाडी १५,७५०च्या आसपास पडली. वर्षाला साधारण हजार डॉलर. छंद म्हणून हे स्वस्त आहे, गोल्फ क्लबची वर्गणी याहून जास्त असते. गुंतवणूक म्हणून मात्र ती नापास. तुमच्या पुंजीकडे बघता एवढी मोठी रक्कम छंदात अडकवणं परवडत नाही, म्हणून मी विका म्हणतो. ४०१-के खात्यात दहा-बारा लाख असते तर ठेवा म्हटलं असतं.

कॅमेरोचं दुखणं वेगळं आहे. २०१८ साली झेड/२८ म्हणून ४८,०००ला घेतली, कागद काही नाहीत. १९६९च्या कॅमेरोचा व्हीआयएन १२४३७ने सुरू होत असेल तर एवढंच कळतं की गाडी मुळात व्ही-८ कूपे आहे. झेड/२८ की साधी, हे त्यात नसतं. पुढचं अक्षर एन असेल तर ती नॉरवुडच्या कारखान्यातली. तिथे डिसेंबर १९६८च्या सुमारापासून बॉडीवरच्या पट्टीवर एक्स-कोड टाकत. एक्स-३३ किंवा एक्स-७७ असेल तर झेड/२८. एल असेल तर लॉस एंजेलिसची, तिथे हा कोड टाकतच नसत. मग ३०२ घन इंचांच्या इंजिनावरचा डीझेड शिक्का, १२ बोल्टचा मागचा ॲक्सल, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, पुढचे डिस्क ब्रेक असं एकेक जुळवावं लागतं.

आणि शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. पॅड घासून नवे आकडे ठोकणं हा जुना धंदा आहे. पॅडवरचं तेल पुसून, टॉर्च आडवा धरून बघा: कारखान्यात ब्लॉकचा माथा सपाट करताना उमटलेल्या बारीक समांतर रेघा आकड्यांच्या मधून जाताना दिसल्या पाहिजेत. पृष्ठभाग गुळगुळीत असेल, किंवा रेघा गोलगोल फिरवल्यासारख्या असतील, तर नंतर कुणीतरी हात मारलाय. फर्स्ट-जनरेशन कॅमेरोच्या जाणकाराकडून लेखी तपासणी करून घ्या, त्यासाठी काहीशे डॉलर खर्च होऊ द्या. पहिल्या मालकाकडचं वॉरंटीचं धातूचं कार्ड, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, मिळतं का ते मागच्या मालकांकडे विचारा.

सिद्ध झाली तर तुमचे ७५,००० अशक्य नाहीत. नाही झाली तर मी ४५,००० धरीन, आणि तेव्हा जाहिरातीत झेड/२८ हे नाव छातीठोकपणे लिहू नका. ‘३०२ इंजिन बसवलेली १९६९ कॅमेरो, मूळ कागद नाहीत’ असं लिहा. नाहीतर वर्षभराने गिऱ्हाईक वकील घेऊन येईल. तोट्यात विकावी लागली तर तो तोटा कॉर्व्हेटच्या नफ्यातून वळता करता येईल, असं गृहीत धरू नका. स्वतः वापरायच्या गाडीचा नफा करपात्र असतो, तोटा वजावटीला चालत नाही. ‘मी ती गुंतवणूक म्हणूनच घेतली’ असं म्हणायचं तर रविवारी फिरवल्याचे फोटो आड येतात.

मस्टँग ठेवा. १९९९ साली १४,५००ला घेतलेली, आज विकून २८,००० येतील, घरच्याच गॅरेजमध्ये राहते म्हणून भाडं नाही. सी-कोड, म्हणजे २०० अश्वशक्तीचं २८९ इंजिन, दुर्मिळ नाही. त्या वर्षी लाखावर कन्व्हर्टिबल निघाल्या. पण त्यामुळेच रबरी पट्टीपासून अख्ख्या फरशीच्या पत्र्यापर्यंत सगळं नवं मिळतं. एकच गोष्ट तपासा: विंडशील्डखालच्या हवेच्या जाळीत पाईपने पाणी सोडा आणि पुढच्या पायपुसण्या उचलून बघा. ओल आली तर आतला पत्रा गंजलाय, आणि कन्व्हर्टिबलला छप्पर नसल्याने सगळा भार खालच्या पत्र्यावर असतो. आज वेल्डिंग केलं तर थोडक्यात निभावेल. हिवाळ्यात उभी करण्याआधी टाकी भरून स्टॅबिलायझर घाला, इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटर खातं. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. दहा वर्षं उलटली असतील तर नक्षी शाबूत असली तरी बदला.

तिचा विमाही तपासा. ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ असेल तर ठरलेली रक्कम मिळते. ‘स्टेटेड व्हॅल्यू’ हे वरवर तसंच वाटतं, पण त्यात कंपनी बाजारभाव आणि लिहिलेली किंमत यांतली कमी असेल ती देऊ शकते. ऐतिहासिक नंबरप्लेट असेल तर मिशिगनमध्ये क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं, संचलनं यांपुरतीच गाडी बाहेर काढता येते, ऑगस्टमध्ये मात्र मोकळीक असते; वुडवर्ड ड्रीम क्रूझ त्याच महिन्यात असते.

मुलांसाठी ठेवावं का, असंही तुम्ही विचारलंय. वारसाहक्काने मिळालेल्या गाडीचा खरेदीखर्च मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाइतका धरतात, त्यामुळे तुमच्या हयातीतला नफा करातून सुटतो, हे खरं. पण मुलीला गाड्यांत रस नाही असं तुम्हीच लिहिलंय. ती आल्या भावाला घाईने विकेल. मस्टँगपुरतं ठीक आहे. आणि पुण्याला परतताना एखादी नेण्याचा विचार सोडा. सीमाशुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त भरावे लागतील, आणि भारतात व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते.

कॉर्व्हेटचे १,०६,७०० काय करायचे? ४०१-केमध्ये ते थेट टाकता येत नाहीत, पण पगारातली कपात कमाल करून घरखर्च या पैशातून चालवता येतो. २०२६ची मर्यादा २४,५००, पन्नाशीनंतर आणखी ८,०००, आणि ६० ते ६३ या वयात ८,०००च्या जागी ११,२५०. आदल्या वर्षी त्याच कंपनीतलं वेतन १,५०,०००च्या वर असेल तर ही जास्तीची रक्कम रॉथ खात्यातच, म्हणजे आधी कर भरून, जाते. आता किती कपात करता ते बघून फरक काढा. उरलेल्या पैशातून ६२, ६३ आणि ६४ या वर्षी मुदत संपणारे ट्रेझरी (सरकारी) रोखे घ्या. आरोग्य विम्याचे हप्ते त्यातून भागतील.

विक्रीची तयारी हिवाळ्यात करा. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे लोहचुंबक किंवा रंगाची जाडी मोजायचं साधं मीटर तिथे उपयोगाचं नाही. पण आतला सांगाडा पोलादी आहे. विंडशील्डच्या खांबांचे तळ आणि मागच्या चाकांपुढे चेसिस जिथे वर वळते ती जागा, या दोन ठिकाणचे स्वच्छ फोटो आधीच काढून ठेवा. जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागतं. ग्लोव्हबॉक्सखालच्या पट्टीवरचा व्हीआयएन ३०८३७ने सुरू होतो आणि टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, अक्षरन् अक्षर तसाच आहे, हे ताडून बघा. एका अंकाची चूक असली तरी टायटल दुरुस्त व्हायला आठवडे जातात. थंड इंजिन सुरू करतानाचा अखंड व्हिडिओ घ्या. ब्लॉक बदललेला आहे हे जाहिरातीच्या पहिल्या परिच्छेदातच लिहा.

पैसे बँकेच्या वायर ट्रान्सफरने घ्या. कॅशियर्स चेक आला तर तो देणाऱ्या बँकेला स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा आणि पैसे पूर्ण जमा होईपर्यंत टायटलवर सही करू नका. व्यवहार झाला की त्याच तिमाहीत आगाऊ कर भरा, किंवा वर्षभराची कपात आणि आगाऊ भरणा मिळून गेल्या वर्षीच्या कराच्या ११० टक्के होतो ना ते बघा. तेवढा असेल तर दंड नाही. रिटर्नमध्ये नोंद फॉर्म ८९४९वर, सी हा कोड लावून. २३,०००ची बिलं तुमच्या सीएकडे आत्ताच द्या. त्यातलं एखादं हरवलं असेल तर काम केलेल्या गॅरेजकडून नक्कल मागवायला आज वेळ आहे.