बाबांकडून फोन काढून घ्यावा का?

घरातील ज्येष्ठांची आर्थिक फसवणूक झाली की मुले माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. प्रतापनगरातील एका कुटुंबाने मला त्याचे उत्तर नीट शोधायला लावले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून तो अनुभव येथे मांडत आहे.

निवृत्त शिक्षक असलेल्या 71 वर्षांच्या काकांना मुलगा घेऊन आला होता. काकांनी खिशातला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि तासभर त्याकडे पाहिलेही नाही; प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. गणवेशातील एका माणसाने व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगितले होते की, त्यांच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असून त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’ करण्यात आली आहे, आणि घरी कोणाला कळले तर मुलालाही अटक होईल. तब्येतीचे निमित्त सांगून काका दोन दिवस खोलीत बसून राहिले, तिसऱ्या दिवशी मुदत ठेव मोडली आणि बँकेत कारण विचारल्यावर शिकवल्याप्रमाणे ‘नातीचे लग्न’ असे सांगून साडेसहा लाख रुपये पाठवले.

“पैसे गेले त्याचे दुःख आहेच, पण सूनबाई दार वाजवून चहा विचारत होती आणि मी दार उघडले नाही, ते मनातून जात नाही,” असे ते म्हणाले.

आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद नाही; पोलीस किंवा कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पडताळणीसाठी पैसे मागवत नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितले होते आणि काकांनी ते ऐकलेही होते. भीतीने मन गोठले की ऐकलेली माहिती वेळेवर हाताशी येत नाही, म्हणून त्या वेळी हाक मारता येईल असे माणूस घरात असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पैसे गेल्यानंतरही काका चार दिवस गप्प राहिले. ही रक्कम काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाते; सायबर फसवणुकीच्या 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांकावर लगेच तक्रार केल्यास ती जिथे पोहोचली असेल तिथे रोखता येण्याची शक्यता असते. या घराला त्यातली थोडीच रक्कम परत मिळाली. एवढा उशीर का झाला, असे मी विचारले तेव्हा काकांनी मुलाकडे पाहिले. वर्षभरापूर्वी वीजबिलाच्या खोट्या संदेशावर त्यांनी नुसते बोट ठेवले, तेव्हा मुलगा जेवणाच्या पानावर सर्वांदेखत म्हणाला होता, “एवढे शिकलेले असून तुम्हाला कळत कसे नाही?”

फोन काढून घेऊ नका, असे मी मुलाला सांगितले. तसे केल्यास पुढचा धोकाही बाबा लपवूनच ठेवतील. त्याऐवजी घरात असे ठरले की, पैसे किंवा अटकेचा विषय निघताच कोणीही फोन बंद करून घरातल्या एकाला सांगायचे आणि ऐकणाऱ्याने ‘उचललाच का?’ असे विचारायचे नाही. ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा मात्र काकांनी स्वतः बँकेत जाऊन कमी करून घेतली.

मुलगा अजूनही कधी कधी रात्री बाबांचा फोन उघडून पाहतो आणि बाबांना ते ठाऊक असते. सध्या आमचे बोलणे त्यावरच चालू आहे.