नवीन १२५ सीसी गाडी ओढत नाही, ॲव्हरेजही कमी देते. ‘मोकळी’ झाल्यावर खरंच फरक पडतो का?

गाडी बारा दिवसांची, रीडिंग २८० किमी, ॲव्हरेज ४४, आणि शोरूमवाले म्हणतायत ‘पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या, मोकळी होईल’. हे खरं आहे की वेळ मारून नेतायत, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही. फरक पडतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. शिवाय ‘मोकळी होईल’ या दोन शब्दांखाली अशा बऱ्याच तक्रारी झाकल्या जातात, ज्या कितीही किलोमीटर झाले तरी आपोआप बऱ्या होत नाहीत. मी स्वतः यात फसलोय.

मी साताऱ्याचा, नोकरी कऱ्हाडला. जाऊन-येऊन शंभरच्या वर किलोमीटर, सगळा हायवे. माझीही १२५ सीसीच. नवी घेतली तेव्हा गाडी दाबून धरल्यासारखी चालायची. टॉप गिअरला रेस सोडली की लगेच वेग पडायचा. ॲव्हरेज ४३. मीही मनाची समजूत घातली, नवीन आहे, होईल मोकळी. चौथ्या दिवशी उंब्रजला चहाला थांबलो, गाडी स्टँडला लावताना हात मागच्या चाकाच्या ड्रमला लागला आणि चटका बसला. मुख्य स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेरा घेऊन थांबलं. डिलिव्हरी देताना मागचा ब्रेक इतका ताणून ठेवला होता, की पॅडलला पाय न लावताही लायनर घासत होते. तिथेच रॉडचा नट दोन फेरे ढिला केला. पुढच्या टाकीला ५१ मिळाले. त्यात इंजिन मोकळं होण्याचा वाटा किती आणि नटाचा किती, हे मी हिशेब न करताही सांगू शकतो.

तेव्हा आधी तुम्ही हेच करा. गाडी मुख्य स्टँडवर घ्या, न्यूट्रलला टाका, मागचं चाक फिरवा. टायरमधली हवा थंड गाडीवर तपासा. क्लचच्या लिव्हरला थोडा मोकळा खेळ आहे का बघा. अजिबात नसेल तर क्लच किंचित दाबलेलाच राहतो, आणि मग गाडी रेस घेते पण ओढत नाही. चेन अगदी ताठ असेल तर तीही ताकद खाते. ही चारही कामं पंधरा मिनिटांची आहेत.

आता खरोखर बदलतं काय, ते बघू. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. कारखान्यात होनिंग करताना तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडतात, ऑइल धरून ठेवायला. पिस्टनच्या रिंगा नव्या असताना या रेघांच्या टोकांवर घासतात, टोकं झिजतात, रिंगांच्या कडाही झिजतात, आणि दोघांची जोडी जमते. जमली की वरचा जळलेला गॅस खाली गळायचा कमी होतो आणि घर्षणही उतरतं. गिअरचे दाते, बेअरिंगं, ऑइल सील, चेन यांचंही तसंच. त्यामुळे इंजिनाचा आवाज थोडा गोल होतो, गिअर ‘खट्ट’ करून पडायचे ते नीट पडू लागतात, न्यूट्रल सापडायला लागतो, आणि रेस सोडल्यावर गाडी जरा लांब वाहते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये हे कानाला कळायचं: घर्षण कमी झालं की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन ज्या वेगाने चालतं ते) आपोआप वाढायचं आणि पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक स्क्रू फिरवून ते उतरवायचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले, गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. आता आयडलिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, सांभाळतो, त्यामुळे ती खूण गेली.

यातला बराचसा बदल पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच होतो. माझ्या वहीतले आकडे सांगतो. ब्रेक सैल केल्यावर ५१, मग ५२, ५४, आणि दीड हजार किलोमीटरच्या सुमारास ५६. त्यानंतर आजतागायत ५५ ते ५७. म्हणजे नुसतं मोकळं होण्याने मला चार-पाचचा फायदा झाला, आणि त्यातही माझा हात सुधारल्याचा भाग असणारच. नवीन गाडीवर आपण गिअर चुकवतो, क्लचवर बोटं ठेवून चालवतो. हजार किलोमीटरनंतर गाडीला आपली आणि आपल्याला गाडीची सवय होते. ४४ चे थेट ६५ होतील, अशी आशा ठेवू नका. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे गाडी चालवून काढतात. तिथे समोरून वारा नाही, मागे बसलेलं कुणी नाही, स्वारगेटचा सिग्नल तर नाहीच. दुचाकींच्या जागतिक चाचणीच्या नियमांत तर परीक्षेआधी गाडी साधारण १००० किमी चाललेली असावी असंच धरलंय. आपण मात्र पहिल्याच टाकीला तो आकडा मागतो!

आणि पहिल्या टाकीचा हिशेब मुळात धरूच नका. शोरूममधून गाडी निघते तेव्हा टाकीत किती पेट्रोल होतं हे कुणालाच माहीत नसतं. टाकी फुल्ल करा, रीडिंग लिहा, दोन-अडीचशे किलोमीटर चालवा, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा, आणि झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. गाडीच्या मीटरवर दिसणाऱ्या ॲव्हरेजच्या आकड्यावर भांडायला जाऊ नका.

तुमच्या काकांनी सांगितलंय की हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायचीच नाही. काकांचं चुकत नाही, त्यांची गाडी वेगळी होती. माझ्या चुलत्यांकडे यझदी होती, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायची. नवी असताना ऑइलचं प्रमाण थोडं जास्त ठेवायचं, आणि तरी उन्हात दामटली तर पिस्टन तापून फुगायचं, सिलिंडरमध्ये जाम व्हायचं आणि मागचं चाक चालत्या गाडीत लॉक. ती भीती खरी होती. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं मशिनिंग आणि ऑइल दोन्ही फार पुढे गेलंय. उलट गाडी फारच गोंजारली तर नुकसान होतं. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या मुख्यतः जळणाऱ्या गॅसच्या दाबाने. तो दाबच मिळाला नाही तर त्या नीट बसत नाहीत, आणि गाडी पुढे ऑइल खाऊ लागते.

म्हणून मधला रस्ता. मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलची मर्यादा दिलेली असते, ती पाळा. त्या मर्यादेत वेग वर-खाली होऊ द्या. तासभर एकाच वेगाने हायवेला जाणं टाळा. माझ्यासारख्याला हे अवघड गेलं, ट्रकवाले मागून हॉर्नने कान फोडायचे. आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे ॲव्हरेजच्या लोभाने टॉप गिअरला तीसने गाडी गुरगुरत नेणं. इंजिन थरथरतंय आणि आपण रेस पिळतोय, यापेक्षा एक गिअर खाली घेऊन चालवलेली बरी.

पहिलं ऑइल मात्र वेळेवर बदला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला, एक दिवसही उशीर नको. माझ्या गाडीचं ऑइल काढताना मी शेजारीच उभा होतो. काळपट ऑइलची धार उन्हात आली तेव्हा तिच्यात अभ्रकाचा चुरा घातल्यासारखी चमक होती. रिंगा आणि गिअरच्या दात्यांवरून निघालेली धातूची भुकटी ती. बऱ्याच छोट्या गाड्यांना कागदी ऑइल फिल्टर नसतो, जाळी असते, त्यामुळे यातली बारीक भुकटी ऑइलबरोबर फिरत राहू शकते. आणि ऑइल बाईकचंच घ्या. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मग तो घसरायला लागतो.

इंजिन तापतं ही तुमची तक्रार मी फारशी मनावर घेणार नाही. एअर कूल्ड, म्हणजे नुसत्या वाऱ्याने गार होणारी गाडी नवी असताना जरा जास्त तापते, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तर तापणारच. जळकट वास पहिले काही दिवस येतो, सायलेन्सरवरचा रंग आणि ग्रीस तापल्याचा. निळसर धूर दिसला किंवा ऑइलची पातळी खाली गेली, तर मात्र सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

रविवारी वहिनींना घेऊन पाचगणीला जायचं म्हणताय. खुशाल जा. घाट नव्या इंजिनाला वाईट नाही, चढताना रिंगांवर दाब येतो आणि उतरताना रेस सोडलेली असली की ऑइल वर ओढलं जातं. खंबाटकी चढताना गिअर लवकर खाली घ्या, सुरूर फाट्यानंतर चहाला थांबून गाडी थोडी निवू द्या, आणि परतताना पसरणी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक अजून घासून पुरते जमलेले नसतील, त्यामुळे पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. वळणांवर तर सावकाशच. २८० किलोमीटरमध्ये तुमच्या टायरचा मधला पट्टा घासून खरखरीत झाला असेल, पण शहरात गाडी आडवी होतच नाही, त्यामुळे दोन्ही कडांवर साच्यातली गुळगुळीत चकाकी अजून तशीच असणार. निघण्याआधी बोट फिरवून बघा, फरक हाताला कळेल.